गॅस बंद आहे ना?

मध्यमवर्गीय मराठी घरात गॅसच्या बाबतीत दोन प्रकारची माणसं नांदतात. एक माणूस दिवे मालवल्यावर, पांघरूण अंगावर घेतल्यावर पुन्हा उठतं, अंधारात ओट्यापर्यंत जातं, शेगडीच्या प्रत्येक नॉबला हात लावतं, वाकून रेग्युलेटर चाचपतं आणि मगच झोपतं. दुसरं पांघरुणातूनच सांगतं, "अगं, मी बघितलाय, बंद आहे." त्याने बघितलेला नसतो. पहिलं माणूस बहुधा आई, सासू, आजी किंवा बायको असते; क्वचित एखादे आजोबाही असतात, पण त्यांची गणना घरात चक्रमांत होते. आता एखाद्या शनिवारी सकाळी या घरात टूम निघते की शेगडी खिडकीखाली न्यायची, किंवा गॅलरीत पुरणपोळीच्या घाण्यासाठी दुसरी लाइन काढायची, किंवा सिलिंडर ओट्याखालून बाहेरच्या कोपऱ्यात हलवून तिथून पाइप आत आणायचा. तेव्हा पाना कोणाच्या हाती जातो? पांघरुणातून बोलणाऱ्याच्या. आणि रात्री उठून चाचपणाऱ्या माणसाला सांगितलं जातं, "तुम्ही जरा हॉलमध्ये बसा, मध्ये मध्ये करू नका." माझं म्हणणं एवढंच आहे की शनिवार-रविवारी घरच्या घरी होणाऱ्या गॅसकामातला सगळा घोटाळा या वाटणीत आहे. माहिती हल्ली फुकट मिळते, अवजारं भाड्यानेही मिळतात. या कामाला लागणारी तिसरी गोष्ट म्हणजे संशय. तो घरात भरपूर असतो, फक्त त्या दिवशी त्याला हॉलमध्ये बसवलेलं असतं.

शनिवारच्या कारागिराला मूर्ख समजण्याचं कारण नाही. त्याच्याकडे ड्रिल मशीन असतं, पानेपकडींची पेटी असते, आणि यशाचा इतिहासही असतो. त्याने नळाचा वायसर बदललेला असतो, दिवाणखान्यात फळी ठोकलेली असते, फ्लशच्या टाकीतला फुगा बसवलेला असतो. अडचण अशी की या प्रत्येक यशाने त्याला चुकीचा धडा दिलेला असतो. फळी तिरकी बसली तर ती तिरकी दिसते. वायसर नीट बसला नाही तर नळ गळतो आणि रात्रभर टपटप करून त्याची लाज काढतो. टाकीचा पाइप चुकला तर खालच्या मजल्यावरचे काका छताला आलेली ओल दाखवायला लेंग्यावरच वर येतात. आपली चूक स्वतःहून वर्दी देते, असं त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. त्याच्या वडिलांच्या पिढीला हीच सवय स्टोव्हने लावली होती. पिन मारणं, पंपाचं कातडं तेलात भिजवून पुन्हा बसवणं, हे घरातल्या कर्त्या पुरुषाचे संस्कार होते, आणि स्टोव्हही बिचारा बोलका होता. तो फरफरायचा, काजळी धरायचा, भांड्यांचे बूड काळे करायचा, रॉकेलचा वास मारायचा. त्याचं काय दुखतंय ते शेजारच्या बिऱ्हाडालाही कळायचं. गॅसच्या लाइनला असं काही बोलता येत नाही. नीट बसलेला सांधा आणि किंचित सैल राहिलेला सांधा दोघेही सारखेच चकाकतात, आणि दोन्हींवर चहा सारखाच उकळतो.

याचं कारण आकड्यांत आहे. महानगरांत पाइपने येणारा गॅस घरच्या शेगडीपर्यंत साधारण 21 मिलिबार दाबाने पोचतो. सिलिंडरवरचा घरगुती रेग्युलेटर साधारण 30 मिलिबार देतो. हे आकडे घाबरवणारे वाटत असतील तर त्यांचं पाण्यात रूपांतर करून पाहावं. पाणी भरलेल्या यू आकाराच्या काचनळीचं एक टोक लाइनला जोडलं तर दोन बाजूंच्या पाण्याच्या पातळीत 21 सेंटिमीटरचा फरक पडेल, म्हणजे जेमतेम वीतभर. सिलिंडरच्या बाबतीत फूटभर. इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीतून दहा मीटर खाली येणारं नळाचं पाणी याच्या कैक पटींनी जोरात येतं. इतक्या मवाळ दाबाचा गॅस सुस्कारे टाकत नाही, शिट्टी वाजवत नाही, केस उडवत नाही. तो सभ्यपणे येत राहतो. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो, जवळजवळ दीड ते दोन पट, म्हणून तो ओट्याखाली, ट्रॉल्यांच्या मागे, फरशीवर पसरून राहतो. पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका, तो छताकडे जातो. एकाच इमारतीत सहाव्या मजल्यावर सिलिंडर आणि सातव्यावर पाइप असेल तर एकाची काळजी जमिनीलगत आणि दुसऱ्याची माळ्यापाशी करावी लागते, हे शनिवारच्या कारागिराच्या गावीही नसतं. मॉड्युलर किचनवाल्याने सिलिंडरसाठी केलेल्या चकचकीत कपाटाला खाली झरोके का हवेत, असं विचारलं तर तो सांगतो की त्यातून झुरळं येतात. गॅसलाही बाहेर जायला तीच वाट हवी असते, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. शंभर भाग हवेत दोन भागांच्या आसपास सिलिंडरचा गॅस मिसळला की ठिणगी पुरते. लहानशा स्वयंपाकघराचा हिशेब केला तर किलोभरापेक्षाही कमी गॅस त्यासाठी बास होतो, आणि गॅस तळाशी साचला तर तेवढाही लागत नाही. सिलिंडरमध्ये तो 14.2 किलो असतो.

आता कारागिराचे गुण पाहू, कारण इथे त्याचे दोष नडत नाहीत, गुण नडतात. पहिला गुण ताकद. लोखंडी पाइपाचे निमुळते आटे एकमेकांत रुतत जातात, तिथे सफेदा किंवा टेप लावून आवळणं ठीक आहे. पण तांब्याच्या नळीचं टोक फुलवून नटाने दाबून बसवतात, त्या सांध्यात धातूवर धातू बसतो आणि तिथेच तो बंद होतो. त्याच्या आट्यांवर टेप गुंडाळणं म्हणजे खिडकी उघडी ठेवून दाराला तीन कुलपं लावणं. हौशी कारागीर मात्र जिथे जिथे आटे दिसतील तिथे भक्तिभावाने टेप गुंडाळतो, आणि तरीही शंका आली तर शंका मिटेपर्यंत पाना आवळतो. नट तडकतो, पण शंका मिटलेली असते. दुसरा गुण काटकसर. जुन्या लाइनचा एल्बो चांगला दिसतोय, फेकायचा कशाला? रबरी नळी दीड मीटरपेक्षा लांब नको असा दंडक आहे, पण माळ्यावर तीन मीटरची पडून आहे. अर्धी कापून वाया घालवायची? तिसरा गुण सौंदर्यदृष्टी, आणि सर्वांत घातक तोच. पाइप दिसायला नको म्हणून भिंतीत खाच मारून, सांध्यासकट आत गाडून, वर टाइल बसवली जाते. त्या सांध्यावर यापुढे ना साबणाचा फेस जाणार ना कोणाचा हात. पाहुणे म्हणतात, "वा, पाइप कुठे दिसतच नाही!" गॅसकामाला मिळू शकणारी ही सगळ्यात वाईट दाद आहे. चौथा गुण वेळेचं भान. शनिवारी सकाळी अकराला सुरू झालेलं काम रविवारी रात्री आठच्या सुमारास संपायलाच हवं असतं, कारण हार्डवेअरचं दुकान बंद झालेलं असतं, दोन दिवस बाहेरचं जेवून मुलांची पोटं बिघडलेली असतात आणि सोमवारी सकाळी डबे आहेत. जोडायचं काम शनिवारी ताज्या डोक्याने होतं. तपासायचं काम रविवारी रात्री, कंबर मोडल्यावर, आतून "झालं का हो?" अशी हाक येत असताना करायचं असतं. मग ते काडीने होतं. सांध्याजवळ पेटती काडी फिरवायची आणि काही झालं नाही तर लाइन पक्की समजायची, या पद्धतीत परीक्षेचा निकाल आणि परीक्षार्थीची शिक्षा एकाच क्षणी जाहीर होते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: वास येतो की! येतो, पण तो गॅसचा नव्हे. सिलिंडरच्या आणि पाइपच्या गॅसला स्वतःचा वास जवळपास नसतोच; मर्कॅप्टन नावाचं गंधकयुक्त रसायन नखभर मिसळलेलं असतं, त्याची ती कुजक्या कोबीसारखी दुर्गंधी. ही दुर्गंधी जगाला फार महाग पडली आहे. 18 मार्च 1937 रोजी अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन या तेलविहिरींच्या गावी शाळेत स्फोट झाला आणि तीनशेच्या घरात माणसं गेली, त्यांतली बहुतेक मुलं. पैसे वाचवावेत म्हणून शाळेने गॅसचा रीतसर करार सोडून जवळच्या एका कंपनीच्या लाइनला परस्पर जोड मारून घेतली होती. गॅस बिनवासाचा होता, तळघरासारख्या जागेत साचत गेला, कोणाला पत्ता लागला नाही. त्यानंतर गॅसमध्ये वास मिसळण्याची सक्ती आली. तेव्हा वास ही गोष्ट थट्टेवारी नेण्यासारखी नाही. पण नाकाच्या भरवशावर पाना चालवणं हे वेगळं. नाक हे फार लवकर जुळवून घेणारं इंद्रिय आहे. एखाद्या वासात ते थोडा वेळ बसलं की त्याची नोंद घेणं सोडून देतं. म्हणजे दोन तास ओट्याखाली डोकं घालून बसलेल्या माणसाचं नाक हे त्या घरातलं सर्वांत निरुपयोगी नाक असतं. तोच छातीठोकपणे म्हणतो, "मला तर काही वास येत नाही." आणि हॉलमध्ये बसवलेली सासू भाजीची पिशवी घेऊन खालून वर येते, दारातच थबकते आणि म्हणते, "गॅसचा वास येतोय." तिला सांगितलं जातं की हा तुमचा भ्रम आहे. शास्त्र तिच्या बाजूने असतं, पण पाना तिच्या हातात नसतो.

दुसरा आक्षेप जरा उंचावरून येतो. माणसाने हात घातलाच नसता तर शोध कसे लागले असते? हौशीला नाउमेद करू नका. या आक्षेपाला एक सुंदर दाखलाही आहे, तो मीच देतो, म्हणजे समोरच्याला शोधावा लागायला नको. कारागीर ज्या पांढऱ्या टेपवर एवढी श्रद्धा ठेवतो ती टेफ्लॉनची. आणि टेफ्लॉन सापडलं तेच मुळी गॅसचं सिलिंडर कापून. 6 एप्रिल 1938 रोजी ड्युपॉन्टच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट यांनी फ्रिजसाठी नवा वायू बनवण्याकरता एक सिलिंडर उघडला, तर त्यातून काहीच येईना. आपल्याकडे अशा वेळी एजन्सीला फोन करून भांडतात. प्लंकेट आणि त्यांच्या सहायकाने सिलिंडरचं वजन केलं. वजन रिकाम्या सिलिंडरपेक्षा जास्त भरलं, म्हणजे आत काहीतरी आहे. तेव्हा झडप काढली, पांढरी भुकटी बाहेर पडली, आणि मग सिलिंडर करवतीने कापला. आत वायूचं झालेलं ते मेणचट, कशालाही न चिकटणारं पांढरं द्रव्य होतं. पण हा दाखला कोणाच्या कामाचा आहे ते पाहा. गॅस आला नाही तर बहुतेक जण "संपला असेल" म्हणून मोकळे झाले असते. यांनी "संपला" या उत्तरावर विश्वास ठेवला नाही, काट्यावर चढवून पाहिलं. करवत फार नंतर आली, आधी संशय आला. शिवाय प्लंकेट डॉक्टरेट मिळवलेले रसायनतज्ज्ञ होते, आणि त्यांच्या प्रयोगशाळेत दुसऱ्या शेगडीवर कोणी दूध ठेवलेलं नव्हतं.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार, आणि तो खरा असल्यामुळे मला थोडं हळू जावं लागेल. "बाहेरचा फिटर तरी कोण मोठा शहाणा लागून गेलाय? चपला बाहेर काढत नाही, मोबाइल खांद्यात धरून काम करतो, पाचशे रुपये घेतो आणि आमच्यापेक्षा बेपर्वाईने आवळतो. आम्ही निदान आपल्या घराच्या मायेने करतो." नाक्यावर उभ्या असलेल्या कोणत्याही पाइपवाल्याच्या बाबतीत हे मला मान्य आहे, नळाचा प्लंबर गॅसला हात लावतो तेव्हा तोही शनिवारचा कारागीरच असतो, फक्त मंगळवारी आलेला. म्हणून इथे तुलना अधिकृत मेकॅनिकशी करायला हवी, आणि त्याच्या बाबतीतही माझा मुद्दा त्याच्या हुशारीचा नाही. माया हाच मुद्दा आहे. आपण स्वतः केलेल्या सांध्यावर आपली माया बसते. त्यावर साबणाचा फेस लावताना आपण मनात प्रार्थना करत असतो की बुडबुडा येऊ नये, आणि अगदी बारीक बुडबुडा आला तर तो "साबणाचाच" ठरतो. रोज दहा घरांत फेस लावणाऱ्याला तुमच्या सांध्याविषयी काहीही वाटत नाही. बुडबुडा आला तर त्याचा कमीपणा होत नाही; तो कंटाळलेल्या चेहऱ्याने पुन्हा सोडवतो. गॅसकामाला हा कंटाळलेला चेहरा फार गुणकारी असतो. कौतुकाची अपेक्षा नसलेला माणूस इथे लागतो, कारण कौतुक करण्यासारखं शेवटी काही दिसतच नाही. उत्तम काम झालं तर काहीही घडत नाही, आणि हे काहीही न घडणं कोणाला बोलावून दाखवता येत नाही.

आणि माया नुसती सांध्यावर बसत नाही, सुट्या भागांवरही बसते. दुकानदाराने "ओरिजनल आहे साहेब" म्हटलं की बसते. लंडनच्या पूर्व भागात रोनन पॉइंट नावाची बावीस मजली नवीकोरी इमारत होती. 16 मे 1968 च्या पहाटे अठराव्या मजल्यावरच्या एका बाईंनी चहासाठी काडी ओढली आणि त्या इमारतीचा एक कोपरा वरपासून खालपर्यंत पत्त्यांसारखा ढासळला. चार माणसं गेली. चौकशीत निघालं ते असं की शेगडीला गॅस आणणाऱ्या नळीच्या जोडावरचा पितळी नट कमअस्सल होता. तो तुटून गॅस रात्रभर साचला होता. भिंती जोडण्याच्या पद्धतीतही मोठा दोष होता, आणि त्या प्रकरणाने ब्रिटनमधले बांधकामाचे नियम बदलले. पण सुरुवात झाली ती मुठीत मावणाऱ्या एका नटापासून. त्या बाई मात्र वाचल्या. त्यांची शेगडीही वाचली, आणि ती त्या नव्या घरी घेऊन गेल्या म्हणतात. सांसारिक बाईचा हा व्यवहारीपणा कोणत्याही देशात सारखाच. मला त्यात एवढंच दिसतं की त्यांनी दोष शेगडीला दिला नाही, जोडाला दिला. चौकशी समितीही शेवटी तिथेच पोचली.

चौथा आक्षेप न्यू जर्सीहून येतो. तिकडचे आपले पुतणे-भाचे सांगतात की काका, इथे मोठमोठ्या दुकानांत काळा लोखंडी पाइप हव्या त्या लांबीचा कापून, आटे पाडून देतात, आणि मी स्वतः अंगणातल्या बार्बेक्यूपर्यंत लाइन नेली. खरं आहे, अमेरिकेत अनेक ठिकाणी घरमालकाला आपल्या घरात हे काम करता येतं. पण पुतणे या गोष्टीचा उत्तरार्ध फोनवर सांगत नाहीत. बहुतेक गावांत त्यासाठी आधी नगरपालिकेकडून परवाना काढावा लागतो. काम झालं की लाइनमध्ये हवा भरून तिला दाबाचं घड्याळ लावतात, काटा ठरलेल्या वेळेत हलता कामा नये, आणि तो काटा बघायला तिऱ्हाईत निरीक्षक येतो. तोपर्यंत सांधे झाकायचे नसतात. म्हणजे तिथे पाना घरमालकाच्या हाती आणि संशय सरकारच्या हाती अशी वाटणी झालेली आहे. आपल्याकडे पाइपगॅसच्या बाबतीत मीटर आणि लाइन कंपनीची, त्यात बदल करायचा तर कंपनीचा माणूस बोलवायचा, अशी जरा वेगळी वाटणी आहे. दोन्हीकडे तत्त्व एकच: जोडणाऱ्याने स्वतःला पास करायचं नाही. ही शिस्त काही कालपरवाची नाही. मुंबईत 1865 साली रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले तेव्हापासून पाइपमधला गॅस आपल्याला ठाऊक आहे. लालबागेत गॅस कंपनी लेन अजून त्याच नावाने ओळखली जाते. पाइपगॅस म्हणजे परवा आलेली चैन आहे आणि तिचे नियम अजून ठरायचेत, अशा थाटात जे सोसायटीच्या सभेत बोलतात त्यांना तिकडून एक फेरी मारून आणावी.

"मग सिलिंडर तर आम्हीच बदलतो की, ते बरं चालतं?" हा आक्षेप मला आवडतो, कारण त्याचं उत्तर ज्यांनी तो सिलिंडर बनवला त्यांनीच देऊन ठेवलं आहे. सिलिंडर बदलणं घरच्या कोणालाही करू दिलेलं आहे, कारण ते काम आखणाऱ्याने घरच्या कोणावरही विश्वास ठेवलेला नाही. रेग्युलेटर काढला की झडप आपली आपण मिटते. रेग्युलेटर नीट बसला तरच खटका लागतो. झडपेच्या आत रबरी रिंग असते, वर दोरी बांधलेली टोपी असते. प्रत्येक पायरीवर कोणीतरी आधीच गृहीत धरलं आहे की हा माणूस घाईत आहे, पाहुणे आलेत, कुकरची तिसरी शिट्टी राहिलीय. आणि इतकं करूनही जे थोडं तपासणं आपल्या पदरात टाकलं आहे ते आपण करत नाही. सिलिंडरच्या मानेजवळच्या पट्टीवर आतल्या बाजूला एक अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले असतात. ए म्हणजे वर्षाची पहिली तिमाही, बी दुसरी, असं डीपर्यंत, आकडे वर्षाचे. सिलिंडरची पुढची चाचणी कधी आहे ते त्यावरून कळतं. बहुतेक घरांत सिलिंडर आला की वजनाबद्दल दहा मिनिटं वाद होतो आणि या अक्षराकडे कोणी ढुंकून पाहत नाही. नारिंगी सुरक्षा नळीवर तारीख छापलेली असते आणि पाच वर्षांनी ती बदलायची असते; पण ती ओट्यामागे, उजेडाकडे पाठ करून असते, आणि नळी अजून नारिंगी दिसतेय तोवर ती तरुण आहे असं मानलं जातं. शनिवारच्या कारागिराला हे काम द्यावं: तारीख वाचणं. त्यात पाना लागत नाही म्हणून तो ते घेत नाही.

शेगडीच्या बाबतीतही हेच. घरात पाइपचा गॅस आला की जुनी शेगडी चालते का, हा प्रश्न येतो. सिलिंडरच्या गॅसमध्ये तेवढ्याच आकारमानात पाइपच्या गॅसच्या साधारण अडीचपट उष्णता असते, म्हणून त्याच्या जेटचं भोक बारीक असतं. तीच शेगडी पाइपला लावली तर ज्योत निरांजनाएवढी. उलट केलं तर पिवळी, काजळी धरणारी, कढईच्या कानापर्यंत चढणारी. कंपनीचा माणूस जेट बदलून देतो. कारागीर भोक मोठं करतो, सुईने किंवा बारीक ड्रिलने, आणि एक डोळा मिटून आरपार बघून म्हणतो, "आलं बरोबर."

हे सगळं सांध्यापुरतं झालं. पण असंही घरकाम आहे ज्यात सांधे निर्दोष, फेस निर्दोष, नाक शाबूत, आणि तरी माणूस जातो. गॅसचा गिझर न्हाणीघराच्या आत लावणं हे ते काम. थंडीत दारं-खिडक्या मिटलेल्या, झरोक्याला आजोबांनी वर्तमानपत्र लावलेलं, आत बंब चालू. ज्योतीला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि मर्कॅप्टन तर ज्योतीत जळूनच गेलेला असतो. इथे विनोद करण्यासारखं काही नाही. दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात अशा बातम्या येतात, आणि बातमीत गिझर "नुकताच बसवलेला" असतो. गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत लावायचा आणि आत फक्त पाणी न्यायचं, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. पण बाहेर लावला तर भिंतीतून पाइप न्यावा लागतो, आणि रविवार संपत आलेला असतो.

तर मग घरच्या माणसाने करायचं काय? करण्यासारखं पुष्कळ आहे, फक्त ते मिरवण्यासारखं नाही. भांडी घासण्याच्या साबणाचं पाणी एका वाटीत, एक जुना ब्रश, आणि महिन्यातून एकदा प्रत्येक जोडावर फेस. वास आला तर दिव्याचं बटण चालू किंवा बंद काहीही न करता, रेग्युलेटर मिटवून, खिडक्या उघडून, घराबाहेर पडून 1906 या क्रमांकाला फोन. एक्झॉस्ट पंखा लावून वास घालवण्याचा हुशारीचा उपाय या यादीत नाही, कारण त्याच्या बटणातली ठिणगी ही त्या घरातली शेवटची हुशारी ठरू शकते. आणि काही बदल करायचाच असला तर फोन करून माणूस बोलवायचा, चार दिवस वाट पाहायची, तोवर शेगडी जुन्याच जागी सहन करायची. हे सगळं त्या रात्री उठून नॉब चाचपणाऱ्या माणसाला न शिकवता येतं. तिला वाटी, ब्रश आणि अधिकार दिले की झालं. ती सांध्यावर विश्वास ठेवत नाही, मुलावर ठेवत नाही, कंपनीवर ठेवत नाही. या कामाला याहून मोठी पात्रता कोणत्याही आयटीआयमध्ये शिकवत नाहीत.

अर्थात शनिवारचे कारागीर हा लेख वाचून थांबणार नाहीत. पाच वर्षांनी तपासणीला एजन्सीचा माणूस येईल, ओट्याखाली वाकेल, टेपचे जाड वेढे, दोन ठिकाणी लावलेल्या क्लिपा आणि मधेच पाणी भरायच्या नळीचा एक हिरवा तुकडा बघेल, आणि सरळ न होताच विचारेल, "हे कोणी केलंय?" आणि घराचा कर्ता, इमारतीतला पहिला रहिवासी, ज्याने हा फ्लॅट बिल्डरकडून थेट घेतला आहे, तो शांतपणे सांगेल की आमच्या आधीच्या भाडेकरूने.